जुन्या सर्व्हरमध्ये नवी मोठी हार्ड डिस्क: कुठे अडतं आणि कसं सोडवायचं

दहा-पंधरा वर्षं जुन्या सर्व्हरमध्ये आजची १२ किंवा १६ टीबीची डिस्क खोचली की बहुधा चारपैकी एक प्रकार घडतो. डिस्क फिरतच नाही. फिरते, पण सर्व्हरला दिसत नाही. दिसते, पण आकार भलताच. किंवा सगळं ठीक वाटतं आणि अ‍ॅरे (अनेक डिस्क जोडून केलेला एक संच) बांधून झाल्यावर डिस्क मधूनच गळू लागते. शेवटचा प्रकार सर्वांत वाईट, कारण तोवर डिस्कवर डेटा गेलेला असतो.

वेगाचा प्रश्न यात क्वचितच असतो. साटाची (डिस्क जोडण्याची एक रूढ पद्धत) ६ गिगाबिटची डिस्क समोर जुना कंट्रोलर (डिस्क चालवणारं कार्ड किंवा चिप) दिसला की ३ किंवा १.५ गिगाबिटवर उतरते. ती सोय प्रमाणातच आहे. अडतं ते पत्त्याच्या लांबीवर, सेक्टरच्या (डिस्कवरच्या सर्वांत लहान तुकड्याच्या) मापावर, वीजजोडणीच्या एका पिनवर आणि मधल्या एखाद्या चिपच्या फर्मवेअरवर (चिपमध्येच बसवलेल्या प्रोग्रॅमवर). म्हणून सुरुवातीलाच एक धोरण ठरवा: जुन्या सर्व्हरचा सांगाडा, ट्रे, तारा आणि निष्क्रिय बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात तो मागचा बोर्ड) खुशाल ठेवा, संशय घ्यायचा तो चिपवर, आणि बहुतेक वेळा बदलायचा तो कंट्रोलर.

आधी साखळी कागदावर काढा

झाकण उघडा आणि डिस्कपासून मदरबोर्डापर्यंत मध्ये काय काय आहे ते क्रमाने लिहा: डिस्क, ट्रेमधलं छोटं अडॅप्टर कार्ड असल्यास ते, बॅकप्लेन, एक्स्पांडर (एका जोडणीवर अनेक डिस्क चालवणारी चिप), केबल, कंट्रोलर, कंट्रोलरचं फर्मवेअर, बायोस (सर्व्हर सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम), ड्रायव्हर, ऑपरेटिंग सिस्टिम. यातली जी कडी आज्ञा वाचते किंवा बदलते, ती मर्यादा घालू शकते. नुसत्या तांब्याच्या कड्या आकाराची मर्यादा घालत नाहीत.

बॅकप्लेन निष्क्रिय आहे की एक्स्पांडरवाला, हे जोडण्या मोजून कळतं. आठ खाने आणि चार-चार लेनच्या (लेन म्हणजे एक डेटामार्ग) दोन जोडण्या असतील तर प्रत्येक डिस्कला स्वतःची तार आहे. बारा किंवा चोवीस खाने आणि एकच जोडणी, शिवाय बॅकप्लेनवर हीटसिंक चिकटवलेली मोठी चिप असेल, तर तो एक्स्पांडर. ट्रेच्या मागच्या बाजूला बोटभर रुंदीचं सर्किट असेल तर तो इंटरपोझर. साटा डिस्कला सॅसचे (सर्व्हरसाठीची, साटासारखी दिसणारी पण वेगळ्या भाषेची जोडणी) दोन मार्ग मिळावेत म्हणून स्टोरेज शेल्फमध्ये तो घालतात आणि जुन्या इंटरपोझरचं फर्मवेअर मोठ्या डिस्कवर हटकून घोळ करतं. दुहेरी मार्गाची गरज नसेल आणि ट्रे तशी बसत असेल तर तो काढूनच टाका.

जोडणी ओळखणं सोपं आहे. ६८ किंवा ८० पिनांची चपटी जोडणी म्हणजे समांतर स्कझी, सॅसच्या आधीची पद्धत. तिच्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे. सॅस आणि साटा दिसायला सख्खी भावंडं, फरक एवढाच की साटा डिस्कवर डेटा आणि वीज या दोन पट्ट्यांमध्ये खाच असते, सॅस डिस्कवर ती जागा भरलेली असते आणि तिच्या मागच्या अंगाला दुसऱ्या पोर्टच्या पिना असतात. त्यामुळे साटा डिस्क सॅस बॅकप्लेनमध्ये बसते आणि चालते. सॅस डिस्क साटाच्या जोडणीत बसतच नाही, आणि अडॅप्टर लावून बसवली तरी साटा कंट्रोलरला तिची भाषा कळत नाही. बाजारात मिळणारे निष्क्रिय अडॅप्टर फक्त आकार जुळवतात.

२.२ टीबीची भिंत

जुने सॅस कंट्रोलर डिस्कला पत्ता देताना ३२ बिट वापरतात. ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर, म्हणजे २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट. एवढ्याच जागेपर्यंत त्यांचा हात पोचतो. एलएसआयच्या १०६४ई, १०६८ई आणि १०७८ या चिप याच वर्गातल्या, आणि त्यांच्यावर बांधलेली डेलची पर्क ५/आय, पर्क ६/आय व सॅस ६/आयआर ही कार्डंही. यावर फर्मवेअर अद्ययावत करून इलाज होत नाही. त्यात वेळ घालवू नका.

लक्षण नेमकं ओळखता येतं. काही कंट्रोलर मोठी डिस्क सरळ २ टीबीची दाखवतात. काही ठिकाणी वरचे बिट गळून उरलेला आकडा दिसतो: ३ टीबीची डिस्क ७४६ जीआयबी (१ जीआयबी म्हणजे १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ बाइट, टीआयबी त्याच्या १०२४ पट), ४ टीबीची १६७८ जीआयबी, ८ टीबीची सुमारे १३०८ जीआयबी. डिस्कच्या एकूण बाइटमधून वरचा आकडा जितक्या वेळा जाईल तितक्या वेळा वजा करा; बाकी स्क्रीनवरच्या आकड्याशी जुळली तर रोग पक्का. मग केबल बदलणं, डिस्क फॉरमॅट करणं वगैरे सगळं व्यर्थ आहे.

मदरबोर्डावरच्या साध्या साटा पोर्टांची गोष्ट वेगळी. साटाच्या आज्ञांमध्ये पत्ता ४८ बिटांचा असतो, त्यामुळे बऱ्याच जुन्या चिपसेटना १६ टीबीची डिस्क चालते. तिथे ७४६ जीआयबी दिसलं तर दोष बहुधा ड्रायव्हरचा असतो. इंटेलच्या रेड (अनेक डिस्क मिळून एक संच चालवण्याच्या) पद्धतीचे जुने ड्रायव्हर यासाठी प्रसिद्ध आहेत. बायोसमध्ये रेड बंद करून एएचसीआय (साटा पोर्ट चालवण्याची साधी पद्धत) लावा आणि पुन्हा पाहा. मात्र त्या पोर्टांवर आधीची रेड अ‍ॅरे असेल किंवा सिस्टिम तिथूनच सुरू होत असेल, तर हा बदल आधी बॅकअप घेतल्याशिवाय करू नका.

ऑपरेटिंग सिस्टिमही तपासा. एमबीआर या जुन्या पद्धतीची विभाजन-तक्ती २ टीआयबीच्या पुढे जात नाही, म्हणून डेटा डिस्कवर जीपीटी ही नवी तक्ती हवी. सर्व्हरवर अजून ३२-बिट लिनक्स असेल तर आणखी एक भिंत आहे: ४ केआयबीची पानं गुणिले २ चा ३२ वा घात, म्हणजे १६ टीआयबी किंवा १७.५९ टीबी. १६ टीबीची डिस्क यात बसते, १८ टीबीची बसत नाही.

कंट्रोलर बदलणे

पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट असेल तर जुन्या कार्डाशी झटापट करण्यापेक्षा ते काढणं शहाणपणाचं. एलएसआयच्या सॅस २००८ चिपवरची कार्डं (९२११-८आय, आयबीएमचं एम१०१५, डेलची एच२०० आणि एच३१०) २ टीबीच्या पुढच्या डिस्क घेतात, ६ गिगाबिटवर चालतात आणि जुन्या ३ गिगाबिट बॅकप्लेनशीही बोलतात. त्यापुढच्या पिढीच्या २३०८ आणि ३००८ चिपही चालतील. कार्ड आठ लेनचं असतं; स्लॉटची लांबी आठ लेनची पण आत चारच तारा असं जुन्या मदरबोर्डांवर सर्रास असतं. कार्ड तरीही चालतं, फक्त एकूण वेग कमी मिळतो.

डेटा सॉफ्टवेअर रेडमध्ये किंवा झेडएफएसमध्ये (रेड स्वतःच सांभाळणारी फाइल सिस्टिम) ठेवायचा असेल तर या कार्डावर आयटी फर्मवेअर चढवा. आयटी म्हणजे कार्डाने स्वतः रेड न करता डिस्क जशीच्या तशी पुढे द्यायची पद्धत. त्याआधी एक गोष्ट: जुन्या रेड कंट्रोलरने बांधलेली अ‍ॅरे नव्या कार्डावर वाचता येईल असं गृहीत धरू नका. आधी पूर्ण बॅकअप, मग बॅकअप वाचून खात्री, आणि मगच स्क्रूड्रायव्हर हातात घ्या.

फर्मवेअर चढवण्याचा क्रम असा:

१. कार्डावरच्या स्टिकरचा फोटो काढा. त्यावर सॅस पत्ता असतो, सोळा अंकी षोडशमान संख्या. पुसल्यावर तोच परत भरायचा आहे.

२. सर्व्हरमधल्या सगळ्या डिस्क उपसून ठेवा. एका वेळी एकच असं कार्ड सर्व्हरमध्ये असू द्या.

३. यूएसबी पेनड्राइव्हवर सॅस२फ्लॅश हे साधन आणि फर्मवेअर ठेवा. मदरबोर्ड यूईएफआयचा (बायोसच्या जागी आलेली पद्धत) असेल तर डॉसमधलं साधन ‘पीएएल सुरू होत नाही’ अशी त्रुटी देऊन थांबतं; तेव्हा यूईएफआय शेल आणि त्यासाठीची आवृत्ती वापरा.

४. एम१०१५ आणि एच३१० वर मेगारेडच्या (एलएसआयच्या रेड कार्डांच्या) घराण्यातलं फर्मवेअर असतं. त्यांचा बूट-रेकॉर्ड आधी मेगारेक या साधनाने पुसावा लागतो, त्यानंतर सॅस२फ्लॅशला कार्ड ओळखू येतं.

५. फ्लॅश पुसा आणि लगेच नवं फर्मवेअर चढवा. या दोन पायऱ्यांच्या मध्ये सर्व्हर रीस्टार्ट झाला किंवा वीज गेली तर कार्ड निकामी होऊ शकतं. यूपीएसवर काम करा. विसाव्या मालिकेतलं २०.००.०७.०० घ्या, त्याच मालिकेच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोष होते.

६. सॅस पत्ता परत लिहा, मग रीस्टार्ट करा.

बूट रॉम (कार्डावरून सिस्टिम सुरू करण्याचा कोड) चढवायचा की नाही, हा निर्णय तुमचा. या कार्डावरून सर्व्हर सुरू करायचा नसेल तर न चढवलेलाच बरा. सर्व्हर लवकर सुरू होतो, आणि जुन्या बायोसला मोठ्या डिस्क दिसतच नसल्याने तो त्यांच्यावर अडकूनही बसत नाही. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पुढे कार्डाशी थेट बोलतं.

डेलच्या काही सर्व्हरमध्ये स्टोरेज कार्डासाठी राखीव स्लॉट असतो आणि सर्व्हर तिथल्या कार्डाची ओळख तपासतो. दुसरं फर्मवेअर चढवलेलं कार्ड तिथे लावलं की ‘अवैध पीसीआयई कार्ड’ म्हणून तो सुरूच होत नाही. कार्ड साध्या स्लॉटमध्ये हलवा आणि केबलची लांबी आधीच मोजून घ्या. एचपीच्या पी४१० कार्डावर नेहमीच्या फर्मवेअरमध्ये डिस्क जशीच्या तशी देण्याची सोय नाही. प्रत्येक डिस्कची वेगळी रेड ० करणं हा तिथला रूढ उपाय. तो चालतो, पण डिस्कची प्रकृती सहजासहजी दिसत नाही आणि डिस्क बदलली की कंट्रोलरमध्ये पुन्हा नवी अ‍ॅरे बांधावी लागते.

केबल

चार लेनची जोडणी आणि चार साटा टोकं असलेल्या केबल दोन प्रकारच्या असतात, दिसतात अगदी एकसारख्या आणि एकमेकींच्या जागी चालत नाहीत. सरळ केबल: कंट्रोलरकडे एसएफएफ-८०८७, डिस्ककडे चार साटा. उलटी केबल: मदरबोर्डाकडे चार साटा, बॅकप्लेनकडे ८०८७. चुकीची लावली तर काही जळत नाही, फक्त एकही डिस्क दिसत नाही, आणि माणूस कंट्रोलरला दोष देत बसतो. विकत घेताना दिशा विचारूनच घ्या.

सॅसच्या पहिल्या पिढीत ३२ संपर्कांची एसएफएफ-८४८४ जोडणी होती, मग ८०८७ आली, नंतर १२ गिगाबिटसोबत ८६४३. सर्व्हरच्या बाहेरच्या जोडण्या याच क्रमाने ८४७०, ८०८८ आणि ८६४४. एका पिढीतून दुसरीत जाणाऱ्या केबल मिळतात. ८४८४ च्या बाबतीत मात्र कोणतं टोक कंट्रोलरचं आणि कोणतं बॅकप्लेनचं हे पाहावंच लागतं.

लांबीचं भान ठेवा. सॅसचा सिग्नल जास्त व्होल्टेजचा असतो आणि तांब्यावरून १० मीटरपर्यंत जातो. साटासाठी मर्यादा १ मीटरची. निष्क्रिय बॅकप्लेनमध्ये साटा डिस्क असतील तर कंट्रोलरपासून डिस्कपर्यंतचं सगळं अंतर या एका मीटरमध्ये मोजायचं. मध्ये एक्स्पांडर असेल तर कंट्रोलर ते एक्स्पांडर हा टप्पा सॅसचाच राहतो आणि मर्यादा सैल होते. लॉगमध्ये सीआरसी त्रुटी (वाटेत डेटा बिघडल्याची खूण) वाढत असतील तर लांब किंवा दुमडलेल्या केबलवर पहिला संशय घ्या. स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद) १९९ क्रमांकाचा आकडा हीच गोष्ट मोजतो. तो कधी खाली येत नाही, म्हणून वाढतोय का एवढंच पाहायचं.

वेगाची वाटाघाट काही थोड्या चिपना जमत नाही. व्हियाची व्हीटी८२३७ ही त्यातली बदनाम चिप: ३ गिगाबिटची डिस्क समोर आली की ती गप्प होते. जुन्या डिस्कवर १.५ गिगाबिटला बांधून ठेवणारा जंपर असायचा (वेस्टर्न डिजिटलच्या अनेक मॉडेलांवर ५-६ या पिनांवर). आताच्या बऱ्याच डिस्कवर तो नसतो. चिपच गप्प असेल तर साधं वेगळं साटा कार्ड लावा. डिस्क दिसते पण अधूनमधून तुटते, असं असेल तर लिनक्समध्ये लिबएटीएच्या (कर्नलमधला साटा डिस्क चालवणारा भाग) ‘फोर्स’ पर्यायाने वेग खाली बांधता येतो.

वेग कमी मिळाल्याने बिघडतं किती? ३ गिगाबिटची एक लेन साधारण ३०० एमबी प्रतिसेकंद देते आणि आजची डिस्क सलग वाचनात २५० ते २८० च्या आसपास असते, त्यामुळे तिथे नुकसान जवळजवळ नाही. १.५ गिगाबिटवर १५० एमबीची कमाल मर्यादा जाणवते. खरी अडचण एक्स्पांडरच्या सामाईक मार्गावर होते: ३ गिगाबिटच्या चार लेन म्हणजे १२०० एमबी, ते बारा डिस्कमध्ये वाटले की प्रत्येकीला १००. अ‍ॅरेची पुनर्बांधणी चालू असताना १६ टीबीची डिस्क या वेगाने भरायला ४४ तासांहून जास्त लागतात, आणि तेवढा वेळ अ‍ॅरे उघडी राहते. अशा सर्व्हरवर एका डिस्कच्या नुकसानीपुरतं संरक्षण देणारी रचना नको, दोन डिस्क गेल्या तरी टिकणारी घ्या.

डिस्क फिरतच नाही: तिसरी पिन

साटाच्या वीजजोडणीत १५ पिना. त्यातल्या पहिल्या तीन मूळ नियोजनात ३.३ व्होल्टसाठी होत्या आणि ३.५ इंची डिस्क त्या वापरत नसत. २०१६ च्या साटा ३.३ प्रमाणात तिसऱ्या पिनेला नवं काम मिळालं: तिच्यावर व्होल्टेज आलं की डिस्कची वीज तोडायची. डेटा सेंटरमध्ये अडकलेली डिस्क दुरून रीसेट करायला ही सोय उत्तम. जुन्या बॅकप्लेनमध्ये किंवा पॉवर सप्लायमध्ये मात्र त्या पिनेवर कायम ३.३ व्होल्ट असतात, म्हणून नवी डिस्क कायम बंद. आवाज नाही, कंप नाही, काहीच नाही.

ही सोय प्रामुख्याने एंटरप्राइझ वर्गाच्या डिस्कमध्ये आणि बाहेरच्या यूएसबी पेटीतून काढलेल्या काही डिस्कमध्ये असते. एकाच मालिकेत दोन्ही उपप्रकार मिळतात, म्हणून खरेदीआधी माहितीपत्रकात ‘पॉवर डिसेबल’चा उल्लेख शोधा. सर्व्हरच्या बाजूने खात्री करायला मल्टिमीटर घ्या आणि बॅकप्लेनवरच्या तिसऱ्या व चौथ्या पिनेमध्ये (चौथी भू-जोडणीची) व्होल्टेज मोजा. शून्य आलं तर काळजी नाही. अनेक सर्व्हर बॅकप्लेन ३.३ व्होल्ट देतच नाहीत.

३.३ आलंच तर काप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी). वीजपट्टीच्या डेटा-जोडणीकडच्या टोकापासून मोजायला लागा. पहिल्या तीन पिना झाकतील एवढी, म्हणजे साधारण ४ मिलिमीटर रुंद पट्टी कापून डिस्कच्या संपर्कांवर सपाट बसवा. पिनांमधलं अंतर १.२७ मिलिमीटर असल्याने चौथी पिन झाकली जाणं सहज शक्य आहे. भिंग घेऊन पाहा. साधी चिकटपट्टी वापरू नका, उष्णतेने तिचा गोंद सरकतो. ट्रे वारंवार काढली-घातली जाणार असेल तर टेपही सोलली जाते. प्रत्येक वेळी तपासा.

बॅकप्लेन नसेल आणि केबलने वीज देत असाल तर चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारा अडॅप्टर हा सरळ उपाय, कारण मोलेक्समध्ये ३.३ व्होल्टची तारच नसते. तारा एकेक घट्ट दाबून बसवलेला अडॅप्टर घ्या. साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या स्वस्त अडॅप्टरमध्ये तारा आतल्या आत एकमेकींना टेकून जळल्याची उदाहरणं बरीच आहेत.

अकराव्या पिनेबद्दल दोन शब्द. ती जमिनीला जोडलेली असेल तर वीज मिळताच डिस्क फिरू लागते. मोकळी सोडली असेल तर कंट्रोलरच्या आज्ञेची वाट पाहते. जुन्या पॉवर सप्लायवर बारा डिस्क असतील तर टप्प्याटप्प्याने फिरवणंच योग्य: सुरू होताना ३.५ इंची डिस्क १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते, बारांचे मिळून जवळजवळ २९० वॅट, तेही पंखे आणि प्रोसेसर सोडून.

सेक्टरचं माप

मोठ्या डिस्क आतून ४०९६ बाइटचे सेक्टर वापरतात. ५१२ई प्रकारची डिस्क बाहेर ५१२ बाइटचा मुखवटा लावते, ४केएन प्रकारची लावत नाही. जुन्या सर्व्हरसाठी डोळे मिटून ५१२ई घ्या. ४केएन डिस्क जुने कंट्रोलर नाकारतात, जुन्या बायोसवर तिच्यावरून सिस्टिम सुरू होत नाही, आणि विंडोज सर्व्हरला तिचा आधार २०१२ च्या आवृत्तीपासूनच आहे. काही एंटरप्राइझ डिस्क दोन्ही मापांत बदलता येतात. त्यासाठी उत्पादकाचं साधन वापरा आणि हे काम नव्या, चालत्या कंट्रोलरवर करा. अर्थात डेटा जातो.

५१२ई वर एकच पथ्य: विभाग १ एमआयबीवर, म्हणजे २०४८ व्या सेक्टरवर सुरू करा. जुनी साधनं ६३ व्या सेक्टरवर सुरू करतात. मग प्रत्येक ४ केबीचं लिखाण दोन भौतिक सेक्टरांवर पसरतं आणि डिस्कला आधी वाचून मग लिहावं लागतं. लिहिण्याचा वेग कोसळतो, त्रुटी मात्र कुठेच दिसत नाही.

स्टोरेज शेल्फमधून निघालेल्या वापरलेल्या सॅस डिस्क बऱ्याचदा ५२० बाइटच्या सेक्टरच्या असतात. लिनक्समध्ये डिस्क दिसते, पण आकार शून्य. एसजी-फॉरमॅट या साधनाने सेक्टर ५१२ चा करा. डिस्कवर संरक्षण-माहिती चालू असेल तर तीही त्याच वेळी शून्य करा. डिस्कच्या आकारानुसार याला काही तासांपासून दिवसभरापर्यंत वेळ लागतो. मध्ये वीज तोडली तर डिस्क ‘माध्यम बिघडलं’ म्हणून अडून बसते आणि फॉरमॅट पहिल्यापासून करावा लागतो.

यूएसबी पेटीतून काढलेल्या डिस्कचा एक खास चकवा आहे. काही पेट्यांमधलं सर्किट डिस्कला ४०९६ बाइटच्या सेक्टरची म्हणून दाखवतं. तीच डिस्क साटावर लावली की सेक्टर ५१२ चा होतो आणि विभाग नाहीसे झाल्यासारखे दिसतात. डेटा गेलेला नसतो. डिस्क पेटीत परत घालून तो आधी काढून घ्या.

समांतर स्कझीचे सर्व्हर

अल्ट्रा १६० किंवा अल्ट्रा ३२० च्या जमान्यातल्या सर्व्हरला नवी स्कझी डिस्क शोधू नका. त्या जोडणीच्या डिस्क ३०० जीबीच्या पुढे गेल्याच नाहीत. पीसीआय-एक्स स्लॉटमध्ये साधं साटा कार्ड घाला. इथे सॅसपेक्षा साटा बरं, कारण पीसीआय-एक्सची जुनी सॅस कार्डं बहुधा १०६८ चिपची आणि म्हणून २.२ टीबीला अडणारी. सिलिकॉन इमेजच्या ३१२४ सारख्या साटा चिपला ती अडचण नाही. ६४ बिट, १३३ मेगाहर्ट्झचा पीसीआय-एक्स स्लॉट कमाल १०६६ एमबी देतो, साधा ३२-बिट पीसीआय १३३ एमबी. साध्या पीसीआयवर चार डिस्क म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला ३३. कार्डाची खाच ३.३ व्होल्टची की ५ व्होल्टची हे पाहूनच घाला.

स्कझी बॅकप्लेन अशा वेळी निरुपयोगी ठरतो. खान्याची रुंदी जुळते, पण मागची ८० पिनांची जोडणी नाही. त्यामुळे डिस्कला आतून केबल आणि मोलेक्सवरून वीज.

सॉफ्टवेअरला स्कझीच हवी असेल, उदाहरणार्थ एखाद्या यंत्राला जोडलेला बंदिस्त संगणक असेल, तर स्कझी ते साटा पूल (एका जोडणीच्या आज्ञा दुसरीच्या भाषेत बदलणारं सर्किट) वापरतात. तिथे तीन गोष्टी सांभाळा. होस्टचा क्रमांक ७, तो कोणाला देऊ नका. केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर (सिग्नल परत उसळू नये म्हणून लावतात तो) हवा. एलव्हीडी (कमी व्होल्टेजच्या सिग्नलची स्कझी) डिस्कमध्ये तो नसतो, त्यामुळे शेवटची डिस्क काढून पूल लावला तरी वेगळा टर्मिनेटर तसाच ठेवा. आणि कंट्रोलर एलव्हीडी आहे की एचव्हीडी (जास्त व्होल्टेजची) हे चिन्ह पाहून ठरवा. एचव्हीडीवर साधं उपकरण लावलं तर ते जळू शकतं. पुलामागे छोटीच डिस्क लावा, २ टीबीच्या खालची.

ट्रे आणि पंखे

६ टीबीच्या पुढच्या अनेक डिस्कवर बाजूची मधली स्क्रू-छिद्रं नसतात आणि तळाच्या छिद्रांची जागाही सरकलेली असते. जुनी ट्रे मधल्या किंवा तळाच्या छिद्रांवर अवलंबून असेल तर दोनच स्क्रू बसतात. फिरत्या डिस्कसाठी तेवढं पुरेसं नाही. ट्रेमध्ये नवं छिद्र पाडा किंवा ट्रे बदला.

काही सर्व्हर परकी डिस्क किंवा परकं कार्ड दिसलं की तापमान कळत नसल्याने पंखे पूर्ण वेगाने फिरवतात. बिघाड नाही, सावधगिरी आहे.

सिस्टिम कुठून सुरू करायची

जुन्या बायोसच्या सर्व्हरवर मोठ्या डिस्कवरून सिस्टिम सुरू करण्याचा अट्टहास सोडा. मदरबोर्डाच्या साटा पोर्टवर छोटी एसएसडी लावा आणि मोठ्या डिस्क फक्त डेटासाठी ठेवा. ते शक्यच नसेल तर लिनक्समध्ये जीपीटी डिस्कवर १ एमआयबीचा बायोस बूट विभाग करून ग्रब (लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) बसवता येतो. जुन्या बायोसवर विंडोजला ती वाट नाही.

डेटा टाकण्याआधीची चाचणी

ही पायरी वगळण्याचा मोह सर्वांत जास्त होतो. डिस्कचा आकार बरोबर दिसला म्हणजे पत्ता बरोबर पोचतो असं नाही. मधला एखादा पूल आकार नीट सांगतो, पण २ टीआयबीच्या पलीकडे लिहिलेलं डिस्कच्या सुरुवातीला नेऊन टाकतो. अ‍ॅरे अर्धी भरेपर्यंत कळत नाही, आणि कळतं तेव्हा फाइल सिस्टिमचं डोकं पुसलेलं असतं.

रिकाम्या डिस्कवर असं करा. पहिल्या १ एमआयबीमध्ये शून्यं भरा. मग डीडी या आज्ञेने, १ एमआयबीचा ब्लॉक धरून, २०,९७,१५२ ब्लॉक सोडून पुढे १ एमआयबी यादृच्छिक डेटा लिहा. ती जागा बरोबर २ टीआयबीवर येते. कॅशेला बगल देणारा थेट लिखाणाचा पर्याय वापरा, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा आणि पहिला १ एमआयबी वाचा. शून्यं असतील तर उत्तम. यादृच्छिक डेटा सापडला तर त्या साखळीवर ही डिस्क वापरायची नाही. हीच चाचणी डिस्कच्या शेवटच्या एमआयबीवरही करा.

मग पूर्ण पृष्ठभागाची चाचणी. बॅडब्लॉक्स हे साधन ब्लॉक ३२ बिटांत मोजतं. मूळ १०२४ च्या मापाने ते ४.४ टीबीच्या पुढे चालत नाही, ४०९६ ने १७.५९ टीबीपर्यंत जातं, १८ टीबीसाठी ८१९२ द्या. लिहून तपासण्याची चाचणी मूळ रूपात चार नमुने वापरते, म्हणजे आठ फेऱ्या. १६ टीबीला २०० एमबीच्या सरासरीने आठवड्याहून थोडा जास्त वेळ. एकच नमुना दिला तर पावणेदोन ते दोन दिवस, आणि जोडणी तपासायला तेवढं पुरतं. चाचणी चालू असताना कर्नलच्या लॉगमध्ये लिंक रीसेट आणि टाइमआउट शोधा. एकच डिस्क रीसेट होत असेल तर ती दुसऱ्या खान्यात हलवा: त्रुटी डिस्कबरोबर गेली तर डिस्क, खान्यातच राहिली तर केबल किंवा बॅकप्लेन.

शेवटी डिस्कची त्रुटी-मुदत पाहा. खराब सेक्टर वाचताना साधी डिस्क मिनिटभरसुद्धा धडपडत राहते. हार्डवेअर रेड कार्ड इतका वेळ थांबत नाही, डिस्क मेली असं समजून तिला अ‍ॅरेतून काढतं. लिनक्स कर्नल ३० सेकंदांनी आज्ञा सोडून देतं. स्मार्टसीटीएल या साधनाने एससीटी ईआरसी (डिस्कची हीच त्रुटी-मुदत) वाचनासाठी ७० आणि लिखाणासाठी ७० करा, म्हणजे ७ सेकंद. बऱ्याच डिस्क वीज गेल्यावर हे विसरतात, म्हणून सर्व्हर सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ही आज्ञा ठेवा. जी डिस्क हा पर्याय घेतच नाही, तिच्यासाठी कर्नलची मुदत १८० सेकंद करा. हार्डवेअर रेडवर तिला जागा देऊ नका. ट्रॅक एकमेकांवर चढवलेल्या एसएमआर डिस्कलाही तिथे जागा नाही, कारण पुनर्बांधणीच्या सलग लिखाणात त्या इतक्या मंदावतात की कार्ड त्यांना बाद ठरवतं.